लोडबेअरिंग घराच्या गच्चीवर 1000 लिटरची टाकी: मधोमध स्टँड की जिन्याच्या खोलीवर?

कोयनाकाठ

नमस्कार. कराडजवळचं घर, 1996 चं बांधकाम, तळमजला आणि वर एक मजला. कॉलम नाहीत, सगळं लोडबेअरिंग, 9 इंची विटांच्या भिंती. स्लॅब साडेचार इंची, त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर. गच्चीच्या कोपऱ्यात 500 लिटरची जुनी सिमेंटची टाकी आहे, ती आता झिरपते. ती काढून 1000 लिटरची प्लॅस्टिकची टाकी बसवायची आहे. खाली 3000 लिटरची जमिनीतली टाकी आहे, त्यावर अर्धा एचपीचा मोनोब्लॉक पंप.

वरच्या मजल्याच्या शॉवरला पाणी अगदी बारीक येतं. म्हणून प्लंबरने गच्चीच्या मधोमध 4 फुटी लोखंडी अँगलचा स्टँड सुचवलाय. शेजारच्या काकांचं म्हणणं, जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवरच ठेवा. जिन्याची खोली 8 फूट उंच, आतून साडेसहा फूट रुंद. लांबीच्या दोन्ही भिंती 9 इंची, दाराच्या बाजूची मात्र 4 इंची.

प्रश्न तीन. टाकी कुठे ठेवावी? खाली काय घालावं? आणि पाइप जोडताना काय चुकतं? गळती आणि तडे दोन्ही टाळायचे आहेत.

ओळंबा

मधोमध स्टँड करू नका. कारण नीट समजून घ्या, म्हणजे प्लंबरलाही सांगता येईल.

1000 लिटर पाणी म्हणजे 1000 किलो. टाकीचं स्वतःचं वजन तीसएक किलो. टाकीचा व्यास साधारण 1.1 मीटर, म्हणजे जवळजवळ एक टन वजन एका चौरस मीटरवर उभं राहतं. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, धरलेला वापराचा भार आहे चौरस मीटरला 150 किलो. आता कोणी हिशोब करेल की 10 बाय 12 च्या खोलीवरचा स्लॅब 11 चौरस मीटरचा, गुणिले 150, म्हणजे 1600 किलो चालतात, मग 1100 का नकोत? हा हिशोब फसवा आहे. ते 1600 किलो सगळीकडे सारखे पसरलेले धरलेत. तेवढंच वजन गाळ्याच्या, म्हणजे दोन भिंतींमधल्या अंतराच्या, मध्यावर एका जागी आलं तर स्लॅबमधला वाकण्याचा ताण जवळजवळ दुप्पट होतो. त्यात स्टँडचे पाय चार. प्रत्येक पायाखाली 300 किलोच्या आसपास वजन एका तळहाताएवढ्या पट्टीवर. पाय कोब्यात रुततात, कोबा चिरतो, आणि दोन पावसाळ्यांत खालच्या खोलीच्या छताला ओल येते.

शिवाय तुमचा भाग कोयनेचा. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप तिकडे अजून कोणी विसरलेलं नाही. उंच बारीक पायांवर एक टन पाणी म्हणजे वर जड, खाली हलकं. हादरा बसला की आतलं पाणी हेलकावतं आणि सगळा जोर पायांच्या जोडांवर येतो.

जिन्याच्या खोलीची जागा बरोबर आहे, पण तिथेही टाकी सरळ स्लॅबवर ठेवायची नाही. वजन भिंतींवर गेलं पाहिजे. लांबीच्या दोन्ही भिंती 9 इंची आहेत हे तुमचं नशीब. असं करा:

दोन्ही भिंतींच्या डोक्यावर, समोरासमोर, चार ठिकाणी कोबा फोडून स्लॅब उघडा करा. प्रत्येक ठिकाणी फूटभर लांब आणि भिंतीच्या रुंदीएवढा, 6 इंच उंचीचा काँक्रीटचा बेड ब्लॉक ओता. एम 20 चं काँक्रीट, ओततानाच प्रत्येक ब्लॉकमध्ये 12 एमएमचे दोन बोल्ट सोडा. निदान सात दिवस पाणी मारा. त्यावर आयएसएमसी 100 चे, म्हणजे 100 एमएम उंचीचे, दोन लोखंडी चॅनेल आडवे, या भिंतीवरून त्या भिंतीवर. साडेसहा फूट गाळा आणि दोन्हीकडे 9 इंच टेकण, म्हणजे 8 फुटी दोन तुकडे. दोघांमध्ये अंतर अडीच फूट. दोन्ही चॅनेलवर आडवे 50 बाय 50 बाय 6 चे अँगल, फुटाफुटावर, आणि त्यावर 6 एमएमची चेकर्ड प्लेट. टाकीच्या बुडापेक्षा सगळीकडून 3 इंच जास्त ठेवा, म्हणजे सव्वाचार फूट चौरस लागेल. आधी टाकी आणा, माप घ्या, मग प्लेट कापा.

चॅनेलच्या पोटाखाली आणि स्लॅबमध्ये निदान दोन इंच मोकळं राहिलं पाहिजे. भरल्यावर चॅनेल दोनतीन मिलिमीटर वाकेल, तरी स्लॅबला टेकता कामा नये. जिन्याच्या स्लॅबवर मग टाकीचं वजन येतच नाही.

विटांचा भरीव ओटा करू नका, लोक सर्रास तो करतात. 4 फूट बाय 4 फूट, 9 इंच उंच ओटा म्हणजे एकट्या विटांचंच 600 किलोच्या वर वजन. वरचं सगळं लोखंड मिळून 160 किलोच्या आत बसतं. स्लॅबला पाण्याचं वजन झेपलं नाही म्हणतात, तेव्हा बरेचदा ओट्याचं कोणी मोजलेलंच नसतं.

हे मी तुम्ही दिलेल्या मापांवरून सांगतोय. बोल्ट टाकण्यापूर्वी गावातल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंती एकदा प्रत्यक्ष दाखवा. विशेषतः ती 9 इंची भिंत खालपर्यंत सलग उतरते का, की मध्ये कुठे दारावरच्या लिंटेलवर बसलीय, ते. लिंटेलवर असेल तर चॅनेल तिथून सरकवा.

एक राहिलं. टाकीचं बूड पूर्ण टेकलं पाहिजे. नुसत्या अँगलच्या जाळीवर किंवा अंतराने मांडलेल्या विटांवर टाकी ठेवली की मधल्या फटीत बूड खाली लोंबतं, कडेला घडी पडते आणि वर्षा-दोन वर्षांत तिथेच केसासारखी चीर जाते. अशी टाकी दुरुस्त होत नाही. प्लायवूडही नको, दोन पावसाळ्यांत फुगून कुजतं. प्लेटवर वेल्डिंगचा एकही थेंब वर आलेला नको, ग्राइंडरने घासून हात फिरवून बघा. प्लेटला चारसहा छोटी भोकं ठेवा, पाणी साठून गंजणार नाही. रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन.

नळजोड

वरचं सगळं पटलं. शॉवरचा हिशोबही बघा. 10 मीटर उंचीच्या पाण्याला 1 किलोचा दाब. वरच्या मजल्याचा शॉवर त्याच मजल्याच्या फरशीपासून 7 फुटांवर, गच्ची 10 फुटांवर. टाकी गच्चीवर फूटभर उंच ठेवली तर शॉवरच्या वर जेमतेम साडेचार फूट पाणी, म्हणजे 0.14 किलो दाब. धार बारीकच येणार. जिन्याच्या खोलीवर गेली की साडेबारा फूट, म्हणजे 0.38 किलो, अडीच पटींपेक्षा जास्त. पंप-बिंप काही न लावता.

आता भोकं. टाकीच्या अंगावर भोकांसाठी सपाट गोल जागा दिलेल्या असतात, तिथेच पाडायची. कडंगळ्यांवर, म्हणजे त्या फुगीर पट्ट्यांवर, वॉशर कधीच बसत नाही. सळई तापवून भोक पाडणारे अजून आहेत. त्याने कड वितळून जाड-बारीक होते, वॉशर खाली अर्धवट टेकतो आणि आयुष्यभर ठिबकत राहतं. होल सॉ वापरा, ड्रिल कमी वेगावर. माप टँक निपलच्या, म्हणजे भोकात बसणाऱ्या आट्यांच्या तुकड्याच्या, आट्यावरून घ्या: 1 इंचीचा आटा बाहेरून 33 एमएम, सव्वा इंचीचा 42, दीड इंचीचा 48. भोक त्याहून एखाद-दीड एमएम मोठं, जास्त नाही. कापल्यावर कडेचे तंतू ब्लेडने साफ करा आणि चकती टाकीतून बाहेर काढा. ती आत राहिली की नेमकी आउटलेटच्या तोंडाशी जाऊन बसते.

किती भोकं? येणारं पाणी 1 इंच, वर. ओव्हरफ्लो दीड इंच, येणाऱ्याच्या 2 इंच खाली. घरात जाणारं सव्वा इंच, मध्यबिंदू बुडापासून 3 इंचांवर, म्हणजे गाळ खालीच राहतो. आणि गाळ काढायला 1 इंच, बुडाला जितकं लागून बसेल तितकं. ओव्हरफ्लो मोठा का? येणारं पाणी पंप ढकलतो, जाणारं पाणी मात्र दोनच इंचांच्या चढावर आपोआप सरकतं. दोन्ही सारखे ठेवले तर पाणी झाकणातून बाहेर पडतं. ओव्हरफ्लोवर व्हॉल्व बसवायचा नाही.

टँक निपल आतून बाहेर घालायचा असतो आणि बुडाशी हात पोचत नाही. त्यासाठी कोणी टाकीत उतरू नका, गरजही नाही. टाकी आडवी करा. बाहेरून भोकातून सुतळी आत सोडा, आकड्याने झाकणाच्या तोंडातून बाहेर ओढा. सुतळीत निपल ओवा, त्याच्या रुंद कडेच्या मागे गाठ मारा आणि बाहेरून ओढा. निपल घरंगळत येऊन भोकात बसतो. कडेला आतून रबर वॉशर आधीच चढवलेला हवा. बाहेरून दुसरा वॉशर, मग नट. हाताने बसेल तितका आवळा, नंतर पान्याने अर्धा फेरा. त्याहून जास्त आवळलं तर रबर बाहेर फुगतं आणि भिंत आत ओढली जाते.

सफेदा आणि ताग नको. सीलंट, इपॉक्सी काहीही या प्लॅस्टिकला धरत नाही, महिन्याभरात पापुद्र्यासारखं सुटतं. गळती थांबते ती फक्त रबराच्या नीट बसण्याने. टेफ्लॉन टेप लावायचा तो पुढे व्हॉल्व बसतो त्या आट्यांना.

पाइपचं वजन निपलवर टांगू नका. नव्या टाक्या गळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. टाकी भरली की पोट फुगतं, रिकामी झाली की आत येते, रोज दोनदा. पाइप ताठ बांधलेला असेल तर ती हालचाल सगळी वॉशरवर जाते. म्हणून निपलनंतर युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, मग बॉल व्हॉल्व, मग लगेच दोन एल्बोंनी वळण. व्हॉल्वच्या खाली चॅनेललाच वेल्ड केलेला आधार आणि त्यावर क्लॅम्प. पुढे दर 3 फुटांवर क्लॅम्प.

व्हॉल्वच्या पुढे टी टाकून हवेचा पाइप वर न्या, अर्धा इंच पुरतो. तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर, खाली वळवलेलं, जाळी बांधलेलं. व्हॉल्व बंद करून खालचा नळ सोडला की पाइपमध्ये पोकळी होते, ती गीझरचं गरम पाणी मागे ओढते. हवेचा पाइप ते थांबवतो. पाणी अडतअडत, फुसफुसत येणंही त्यानेच जातं.

गार पाण्याला यूपीव्हीसी, गरमला सीपीव्हीसी. दोघांचं सोल्यूशन वेगळं असतं, एका डब्यात भागवू नका. सोल्यूशन लावल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी सोडायचं नाही. उन्हातल्या यूपीव्हीसीला रंग द्या, नाहीतर तो ठिसूळ होतो. आणि वरून सव्वा इंच आणून पहिल्याच वळणावर पाऊण इंच करू नका, शॉवरचा सगळा फायदा तिथेच जातो. बाथरूमच्या तोंडापर्यंत 1 इंच तरी ठेवा.

फेज_न्यूट्रल

पंपाच्या पाइपवर टाकीत बॉल कॉक लावू नका. बॉल कॉक बंद झाला तरी पंप चालूच राहतो, अडलेलं पाणी पंपातच गरम होतं आणि सील जातं. बॉल कॉक नगरपालिकेच्या लाइनवर, जमिनीतल्या टाकीला ठीक. वरच्या टाकीला फ्लोट किंवा सेन्सर लावून पंपच बंद झाला पाहिजे.

फ्लोट स्वस्त मिळतो म्हणून 230 व्होल्टची वायर थेट पाण्यात सोडतात. केबलचं इन्सुलेशन झाकणाच्या कडेला घासून जातं आणि मग पाण्यातच करंट. वर फक्त 12 व्होल्टचा सेन्सर असू द्या, 230 चा रिले खाली पंपाजवळच्या डब्यात. पंपाच्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आणि पंपाच्या बॉडीला वेगळं अर्थिंग. या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पडला नाही तर बदला. जमिनीतली टाकी रिकामी असताना पंप कोरडा फिरू नये म्हणून तिथेही एक सेन्सर घ्या.

पंप नगरपालिकेच्या नळाला थेट कधीच जोडायचा नाही. लाइनमध्ये पोकळी झाली की फुटक्या जोडातून गटाराचं पाणी सगळ्या गल्लीच्या नळांत येतं. तुमची जमिनीतली टाकी आहे, ते बरंच आहे.

आणि घराजवळून विजेच्या तारा जात असतील तर टाकी चढवताना लोखंडी पाइप, लोखंडी शिडी, ओला दोर काहीही त्यांच्या बाजूने नको. तारा जवळ असतील तर महावितरणला अर्ज करून तेवढा वेळ लाइन बंद करून घ्या.

दर्याकिनारी

रिकाम्या टाकीकडे कोणाचं लक्ष जात नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. तेवढ्या वाऱ्यात 1000 लिटरच्या टाकीवर साधारण 45 किलोचा आडवा जोर येतो. टाकी तीसची. म्हणजे रिकामी टाकी उडणारच. पाव भरलेली असेल तर 250 किलो जास्तीचे, जागची हलत नाही. घाटावर किनाऱ्याइतकं वादळ येत नसलं तरी वळवाचा वारा येतो. काम चालू असताना टाकी रात्री गच्चीवर रिकामी सोडून जाऊ नका, बांधून ठेवा.

कायमचं बांधायचं तर प्लेटच्या कडेला सभोवार दोन इंच उंच अँगलचे चार ठोकळे, टाकी सरकू नये म्हणून. मग टाकीच्या खांद्यावरून पट्टा, झाकणावरून नव्हे. पट्ट्याची टोकं चॅनेलला. पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घाला, आणि टाकी भरलेली असताना पट्ट्याखाली बोट जाईल इतका सैल ठेवा.

चढवताना टाकीला मधून दोराचा फास, झाकणाच्या गळ्याला किंवा निपलच्या भोकात दोर घालायचा नाही. वरून ओढणारे दोन, खालून वेगळ्या दोराने टाकी भिंतीपासून लांब धरणारा एक. सकाळी वारा पडलेला असताना करा. जिन्याच्या खोलीला कठडा नसतो, म्हणून वर काम करणाऱ्याला सेफ्टी बेल्ट हवा. नंतरही टाकी धुवायला कोणीतरी चढणारच आहे, तेव्हा आत्ताच कायमची शिडी, साडेतीन फुटी रेलिंग आणि टाकीभोवती दीडदोन फूट पाय ठेवायला जागा करून घ्या.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लांबीच्या दोन्ही भिंती खालपर्यंत सलग आहेत, आजच बघितलं. दोन गोष्टी विचारतो. पहिल्यांदा पाणी कसं भरायचं? आणि गच्चीवर 200 लिटरचा सोलर आहे, साध्या दाबाचा, काचेच्या नळ्यांचा. त्याला नव्या टाकीचं पाणी चालेल ना?

ओळंबा

आधी जुनी टाकी काढा, तीही तिचं वजन धरून बसलीय. घणाने फोडू नका, दणका स्लॅबला जातो. ग्राइंडरने कापून तुकडे खाली आणा.

नवी टाकी पाव भरा आणि थांबा. सगळे वॉशर कोरड्या कागदाने पुसून बघा, ओल कागदावर लगेच दिसते. चॅनेलची दोन्ही टेकणं बघा. मग अर्धी, मग पूर्ण, आणि रात्रभर तशीच. सकाळी जिन्यात उभं राहून भिंतीच्या वरच्या दोन फुटांचा गिलावा निरखा. बेड ब्लॉकच्या खाली नवी उभी किंवा तिरकी रेघ दिसली तर टाकी रिकामी करून इंजिनिअरला बोलवा.

नळजोड

पहिलं पाणी प्यायचं नाही. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, 33 टक्के क्लोरिनची असेल तर 1000 लिटरला 150 ग्रॅम. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता. घरातले सगळे नळ एकेक करून वास येईपर्यंत सोडा, मग बंद करा. चार तासांनी सगळं पाणी सोडून द्या आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. आरओ फिल्टरचा कॉक आधी बंद करा, क्लोरिनने मेंब्रेन जातं. टीसीएल आणि फरशीचं ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतो. रोजच्या निर्जंतुकीकरणाला 1000 लिटरला 5 ग्रॅम पुरते. ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपच्या जाळ्या बघत राहा. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत होतो, म्हणून झाकण आणि जाळ्या दर आठवड्याला तपासा.

सोलरचं मात्र थांबा, बरं झालं विचारलंत. साध्या दाबाच्या सोलरला थेट जोडू नका. त्याच्या हवेच्या पाइपचं तोंड नव्या टाकीच्या पाण्याच्या वर नसेल तर तिथून पाणी सतत वाहत राहील. तो पाइप तेवढा वर नेला तर पाणी थांबेल, पण सोलरच्या टाकीवर आणि नळ्यांच्या रबरांवर तेवढा दाब येईल, आणि ती त्यासाठी बनवलेली नसते.

उपाय सोपा आहे. सोलरच्या शेजारी, त्याच्या टाकीच्या माथ्यापेक्षा थोडं उंच, 50 लिटरची छोटी टाकी ठेवा. तिला नव्या टाकीतून अर्ध्या इंचाची लाइन आणि बॉल कॉक, इथे तो बरोबर चालतो. त्या छोट्या टाकीतून सोलरला पाणी. सोलरचा हवेचा पाइप छोट्या टाकीच्या पाण्यापेक्षा वर ठेवा.

मग गार पाण्याचा दाब जास्त आणि गरमचा कमी राहील. मिक्सर उघडल्यावर गार पाणी गरमच्या पाइपमध्ये घुसून सोलर थंड करतं आणि छोटी टाकी भरून वाहायला लागते. त्यासाठी मिक्सरच्या गरम बाजूला एक नॉन रिटर्न व्हॉल्व बसवा, बाण मिक्सरकडे. स्प्रिंगचा घेऊ नका, कमी दाबात तो उघडतच नाही. झडपेचा घ्या, आणि आडव्या पाइपवर झडपेची टोपी वरच्या बाजूला येईल असा लावा.